अंगणातली फियाट, ट्रंकेतल्या जाहिराती

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई कुठून सुरू करायची आणि कुठं संपवायची, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. आमच्या परभणीच्या घरात ती माळ्यावरून सुरू होते आणि अंगणातल्या फियाटपाशी येऊन अडते. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, शेडमध्ये १९७४ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी. आम्ही तिला फियाटच म्हणतो. २०२३ च्या पावसाळ्यात माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, गेले. तेव्हापासून ती जागची हललेली नव्हती. टायर बसलेले, टपावर निंबोळ्यांचा सडा आणि मागच्या सीटखाली उंदरांचा संसार!

२०२४ च्या दिवाळीत आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. "या वेळी ही काढायचीच," म्हणाले आणि भंगारवाल्याला बोलावून आणलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटांनी टकटक केलं आणि किलोच्या भावानं हिशेब सांगितला. मी चहा घेऊन बाहेर आले होते. खरं सांगू? शेड रिकामी झाली तर तिथं कपडे वाळत घालता येतील, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

तेवढ्यात ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) "काय करायलास रे बाबा? किलोवर इकायलास? मला इचारलंस का?"

हे म्हणाले, "आई, गाडी बाबांच्या नावावर होती. आता ती चालवणार कोण?"

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि लग्नातली पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आल्या. इरकली लुगड्यांच्या खालून त्यांनी एक जाडजूड फाईल काढली. मला वाटलं, शेताचे कागद असतील. उघडून पाहते तर आत गाडीचं नोंदणी पुस्तक, विम्याच्या जुन्या पावत्या, गॅरेजची बिलं, एका सराफाची १९८२ सालची पिवळी पडलेली पावती. आणि त्याखाली मोटारींच्या जाहिराती! एक-दोन नव्हे, चांगल्या तीस-पस्तीस. साप्ताहिकांतून, दिवाळी अंकांतून कात्रीनं नीट कापून ठेवलेल्या.

आत्याबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. जाहिराती बहुतेक इंग्रजीत. मग जमवल्या कशासाठी? मी विचारलं, तर म्हणाल्या, "चित्रं बघायला. तुझ्या मामंजींना मोटारीचं याड लागलं होतं. ते रद्दी काढायचे, मी आधी पानं फाडून ठेवायची. म्हटलं, घ्यायचीच हाय तर बघू तरी दे कशी असती ते."

आणि ती सराफाची पावती? मामंजींची वकिली तेव्हा नुकती बसत होती. कामासाठी जिंतूर, गंगाखेडच्या कोर्टात जावं लागायचं, एस.टी.च्या वेळा जुळायच्या नाहीत. एका डॉक्टरांची वापरलेली फियाट विकाऊ होती. पैसे कमी पडत होते. आत्याबाईंच्या माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या सराफाकडे गेल्या आणि गाडी अंगणात आली. ही गोष्ट आमच्या ह्यांना ठाऊक नव्हती. बेचाळीस वर्षं कुणी सांगितली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती.

भंगारवाला चहा पिऊन निघून गेला.

आता या गाडीचं कूळ थोडं सांगते. घरात पन्नास वर्षांची वस्तू असावी आणि आपल्याला तिचं माहेर माहीत नसावं, असं होऊ नये. फियाट मूळची इटलीच्या तुरीन शहरातली. आपल्याकडे ती आणली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथं आधी अमेरिकन मोटारी जोडल्या जात, पुढं फियाट आली. पन्नाशीच्या दशकातल्या फियाट ११०० ला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढून पाहिलं की नाकाड तसंच दिसायचं! १९६४ पासून तिचं नवं रूप आलं, 'डिलाईट' या नावाचं. आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली, चितोडच्या राणीच्या नावानं. इटलीची लेक, कुर्ल्यात वाढली आणि नाव राजस्थानचं!

इंजिन १०८९ सी.सी.चं. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगपाशी. त्यामुळं पुढची सीट बाकासारखी सलग. वडील, आई आणि मध्ये लेकरू, असे तिघं आरामात मावत. तुमच्यापैकी कितीजणींचं बालपण त्या मधल्या जागेवर गेलंय, आठवून पाहा. मुंबईत हीच गाडी काळी-पिवळी टॅक्सी होऊन धावली. २००० सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. म्हणजे आमचे मामंजी आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी, दोघंही एकाच वर्षी गेले.

परभणीच्या मे महिन्यात मात्र ही राणी फार रुसायची. ऊन चाळिशीच्या वर गेलं की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्यावर आत्याबाईंचा उपाय ठरलेला. माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचं आणि दहा मिनिटं झाडाखाली बसायचं. "गंगाखेडच्या रस्त्यानं माझी किती लुगडी फाटली असतील त्या फडक्यापायी!" त्या हसून सांगतात. गाडी चालवायचे मामंजी; पाण्याची कळशी, फडकं आणि दशम्यांचं गाठोडं सांभाळायच्या आत्याबाई.

जानेवारीत एक गंमत झाली. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथल्या एका शिक्षकांना जुन्या मोटारींचा नाद. त्यांनी सांगितलं, परभणी, नांदेड, जालन्याकडचे काही गाडीवेडे एका रविवारी जिंतूर रस्त्यावरच्या जिनिंगच्या आवारात जमणार आहेत. येताना आपापल्या गाड्या आणणार आणि जुन्या जाहिरातीही. "तुमच्या सासूबाईंची फाईल घेऊन याच," म्हणाले. आमचे हे नाखूष होते. आत्याबाई मात्र नवं जरीकाठी लुगडं नेसून तयार!

तिथं काय थाट होता म्हणून सांगू! तीन पद्मिनी, एक डुक्कर फियाट, विलायती मॉरिस मायनर, एक जर्मन बीटल. आणि एक स्टँडर्ड हेरल्ड. ही १९६१ पासून मद्रासला बनू लागली. मूळ इंग्रजांची ट्रायम्फ, पण रूप दिलेलं मिकेलोत्ती या इटालियन माणसानं. तिचं बॉनेट उघडलं की पुढचं अख्खं नाकच उचललं जातं. एका टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेल्या जाहिराती मांडलेल्या. लोक त्यांवर अशा तुटून पडले होते, जशा आपण साडीच्या सेलवर!

मला आधी वाटलं, रिकामपणाचे उद्योग. पण हेरल्डवाल्या गृहस्थांनी समजावून सांगितलं. जुन्या गाडीला पुन्हा रंगरूप द्यायचं तर ती कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, हे कळायला नको का? सीटचा रंग कोणता, आरसा गोल की चौकोनी, चाकाची टोपी कशी, पुढचं बोधचिन्ह कुठं? गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेकांकडं हरवलेली असते. मग जाहिरात हाच पुरावा. आणि हा पुरावा आता सरकारदरबारीही उपयोगी आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, फारशी फेरफार न केलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुढं नूतनीकरणाला ५,००० आणि मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

तुम्ही म्हणाल, असल्या गाड्या राजेरजवाड्यांनी ठेवाव्यात. ठेवल्याही आहेत. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या घराण्याची १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहायला मिळते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जर्मन मेबॅक लोकांसमोर येते. पण त्या जपायला राजवाडे होते, नोकर होते. आपल्यासारख्यांच्या गाडीला पत्र्याची शेड आणि एक ट्रंक!

आत्याबाईंची फाईल उघडली तेव्हा सगळे भोवती गोळा झाले. एका तरुणानं तर लगेच विचारलं, "आजी, विकता का?" आत्याबाईंनी विचारलं, "किती देशील?" त्यानं आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "फोटो काढून घे, फुकट. कागद नाही द्यायचे." सगळे हसले. त्यानं एकेका पानाचा फोटो घेतला.

फोटो निघत होते तेव्हा मी त्या जाहिराती पहिल्यांदाच नीट पाहिल्या. जवळजवळ प्रत्येकीत एक बाई आहे. बॉनेटला टेकून उभी आहे, दाराशी हसते आहे, मागच्या सीटवर लेकरांना घेऊन बसली आहे. साडी झुळझुळीत, अंबाडा मोठा. पण त्या तीस-पस्तीस कागदांत एकही बाई स्टिअरिंगवर नाही. किल्ली एकीच्याही हातात नाही. मी आत्याबाईंना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कवाच दिसलं व्हतं ते. म्हणून तर बघायची. म्हटलं, एखादी तरी सापडंल."

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. माझ्या सासूनं वर्षानुवर्षं पानं चाळली ती गाडी चालवणारी एक बाई शोधण्यासाठी, आणि आम्ही घरातले समजत होतो, त्यांना त्यातलं काय कळतं!

त्या शिक्षकांची कॉलेजात जाणारी मुलगी आमच्या शेजारीच उभी होती. तिनं लगेच मोबाईलवर एक चित्र काढून दाखवलं. तामारा द लेम्पिका नावाच्या पोलिश चित्रकर्तीनं १९२९ च्या सुमारास एका जर्मन महिला मासिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं. हिरवी बुगाटी मोटार, स्टिअरिंगवर चित्रकर्ती स्वतः, हातात कातडी मोजे. खरं तर तिची स्वतःची गाडी छोटी पिवळी रेनो होती, पण चित्रात तिनं स्वतःला हवी तशी गाडी दिली. आत्याबाईंनी तो मोबाईल किती तरी वेळ हातात धरून ठेवला. "बाईमाणसांच्याच मासिकात व्हय?" एवढंच विचारलं.

मग त्या मुलीनं आणखी एक हकिकत सांगितली, ती तुम्हालाही सांगायलाच हवी. मोटारीचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या जर्मनीच्या कार्ल बेंझ यांची बायको बेर्था. लग्नाआधीच तिनं माहेरून मिळायचा पैसा आगाऊ मागून घेतला आणि होणाऱ्या नवऱ्याचा बुडता धंदा सावरला. १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट निघालं, ते अर्थात कार्ल यांच्या नावावर. पण लोक ती गाडी घ्यायला धजेनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीत बसली आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या आईकडे, शंभरेक किलोमीटर गेली. वाटेत इंधन संपलं, ते तिनं औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे एका बाईचं माहेरी जाणं! आणि तोच त्या मोटारीची सर्वांत मोठी जाहिरात ठरला.

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे तिच्याबी पाटल्याच गेल्या म्हणायच्या."

घरी येताना हे गप्प होते. रात्री जेवण झाल्यावर आपण होऊन म्हणाले, "आई, गाडी तुझ्या नावावर करू. मग ठेवायची की द्यायची, ते तू ठरव."

आता यापुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण हे तुमच्याही उपयोगाचं आहे. वाहनाचा मालक वारला, तर वारसानं एका महिन्याच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणीचं पुस्तक, विमा आणि बाकी वारसांची संमती लागते. आमच्या नांदेडच्या वन्संनी संमती लगेच लिहून दिली. पण आम्ही मुदत केव्हाच उलटून जाऊ दिली होती, त्यामुळं दंड भरावा लागला. सुदैवानं मामंजींनी दर पाच वर्षांचं नूतनीकरण वेळेवर केलेलं होतं. नाही तर तेही आमच्याच गळ्यात आलं असतं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १०,००० झाली.

आणखी एक. २०२१ पासून वाहनाच्या नोंदणीत वारस म्हणून एक नाव आधीच लिहून ठेवता येतं, बँकेच्या खात्यात लिहितो तसं. तुमच्या घरच्या स्कूटरच्या, मोटारीच्या पुस्तकात ते लिहिलंय का? आज संध्याकाळी विचाराच. भांडण म्हणून नव्हे, चहा देता देता विचारा.

गाडी भंगारातच द्यायची असेल, तरी दारावर आलेल्या माणसाला देऊ नका. सरकारमान्य केंद्रात द्या, दाखला घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर गाडी जाते आणि नंबर तुमच्या माथी राहतो. विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० भरून घेणाऱ्याच्या नावावर ती झाल्याची खात्री करून मगच निश्चिंत व्हा.

जुने कागद कसे जपायचे, हेही आत्याबाईंकडून शिकावं. चिकटपट्टी लावायची नाही, तिचा पिवळा डाग पडतो आणि कागद फाटतो. टाचण्या काढून टाकायच्या, त्या गंजतात. घड्या घालायच्या नाहीत, घडीवर कागद तुटतो. पानं सपाट ठेवायची, मध्ये साधा पांढरा कागद. कसरीसाठी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत. आणि पावसाळा संपला की एकदा हवा द्यायची, पण कडक उन्हात नाही. यात मी एकच भर घातली, प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवला. लॅमिनेशनचा विचार होता, पण जाणकारांनी नको म्हणून सांगितलं. एकदा ते केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही.

तर २०२५ च्या उन्हाळ्यात गाडीच्या पुस्तकात आत्याबाईंचं नाव आलं. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी त्या मोटारीच्या मालकीण झाल्या! आम्ही पेढे आणले, गाडीला हळदकुंकू वाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्या म्हणाल्या, "आता इकून टाका."

आम्ही दोघं बघतच राहिलो. हे म्हणाले, "आई, अगं, हेच तर मी आधी म्हणत होतो!"

"तू म्हणत व्हतास. आता मी म्हणायले," आत्याबाई म्हणाल्या. "चालती गाडी उभी राहून सडती. जो चालवंल त्याला द्या. किलोवर नाही."

मग मेकॅनिक आला. टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. चौथ्या दिवशी गाडी धूर सोडत खोकली आणि चालू झाली. आत्याबाई पुढं बसल्या. पण या वेळी डाव्या बाजूला नाही. कडुनिंबापासून फाटकापर्यंत आमच्या ह्यांनी बाहेरून गाडी ढकलली आणि स्टिअरिंग त्यांनी धरलं. गाडी गिअरमध्ये नव्हती, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. वीस पावलं असतील जेमतेम. पण मी फोटो काढला.

जाहिराती मागणारा तो तरुणच गाडी घेऊन गेला. तो ती व्हिंटेजमध्ये नोंदवणार आहे आणि त्याच्या बायकोलाही चालवायला शिकवणार आहे. ही शेवटची अट आत्याबाईंची होती, कागदावर नसली तरी. आलेल्या पैशांत त्यांनी सराफाकडं जाऊन पाटली केली. एकच झाली आणि तीही पातळ. सोन्याचे भाव तुम्हाला ठाऊकच आहेत. पण त्या रोज ती घालतात.

शेडमध्ये आता कपडे वाळतात. जाहिरातींची फाईल पुन्हा ट्रंकेत गेली आहे, लुगड्यांच्या खाली. सगळ्यांत वर मी एक नवा कागद ठेवला आहे. पांढऱ्या फियाटच्या स्टिअरिंगवर बसलेल्या एका बाईचा फोटो. तीस-पस्तीस जाहिरातींत त्यांना जी सापडली नव्हती, ती आता त्या फाईलमध्ये आहे.